आकार

क्लिफर्ड एंटविसल यांनी पाकीट टेबलावर उलटं ठेवलं,
रक्ताचा रिपोर्ट ठेवतात तसं.
टॉडमॉर्डनच्या ग्रंथालयात मंगळवारी दोन ते चार
मी लोकांचे फॉर्म भरून देते.
"दंड आलाय. शंभर पौंड.
चौदा दिवसांत भरला तर साठ."

दंड नव्हे, हे मी सगळ्यांना आधी सांगते.
दंड करायला सरकार लागतं.
हा नुसता आकार,
खाजगी कंपनीनं लावलेला,
जिला दार नाही, बाक नाही, फोन उचलणारं माणूस नाही,
टपालपेटीचा क्रमांक तेवढा आहे.
निराकारानं लावलेला आकार.

कागदावर दोन फोटो.
हिरवी फियाट आत येताना, ९:५२.
तीच बाहेर पडताना, ४:०७.
सुपरमार्केटच्या आवारात परवानगी दीड तासाची.
"सव्वासहा तास काय करत होतो मी तिथं?"
त्यांनी मलाच विचारलं.
"सुपाचे डबे मोजत?"

मग हळूहळू निघालं.
सकाळी पाव, बीटरूट, बल्ब; पंचवीस मिनिटांत बाहेर.
मांजराचं खाणं राहिलं,
म्हणून चारच्या सुमाराला परत.
यंत्रानं पहिलं येणं पाहिलं आणि शेवटचं जाणं.
मधलं एक जाणं, एक येणं
एखाद्या व्हॅनच्या आड गेलं असेल,
किंवा यंत्रालाही डुलकी लागत असेल.

पावत्या?
"हिल्डा ठेवायची. बिस्किटांच्या डब्यात, सालवार."

असण्याला तिकीट असतं, शिक्का असतो.
नसण्याचा पुरावा
कुठल्या काउंटरवर मागायचा?
दुसरीकडे कुठे होतात ते दाखवावं लागेल, मी म्हटलं.
ते खिडकीबाहेर बघत राहिले. कान लाल.
"बोल्स क्लबात. हिरवळीवर. पण ते लिहू नका."
का?
"एकवीस-दोन हरलो.
स्टॅनली सटक्लिफकडून.
त्याचे दोन्ही गुडघे धातूचे आहेत."

क्लबच्या वहीत होतं सगळं, पेन्सिलीनं:
तारीख. दीडला सुरू, साडेतीनला संपला.
एंटविसल उशिरा. बूट चुकीचे.
खाली दोघांच्या सह्या.
मी पानाचा फोटो काढून जोडला.

उत्तर आलं: अपील अमान्य.
'काळजीपूर्वक विचार केला' हे त्यात तीनदा होतं,
वहीबद्दल एकदाही नाही.
साठची सवलत मात्र पुन्हा चौदा दिवस उघडलेली,
गळाला नवं गांडूळ लावावं तशी.

त्यांनी चेकबुक काढलं. टोपणही काढलं पेनाचं.
मी काही बोलले नाही; पैसे त्यांचे, झोप त्यांची.
मग एकदम थांबले.
"त्या पानावर सटक्लिफची सही आहे ना?
म्हणजे हे लोक सटक्लिफला खोटा म्हणतायत?"
मी म्हटलं, तसंच काहीसं.
पेनाचं टोपण परत बसलं.

पुढच्या मंगळवारी सटक्लिफ स्वतः आले,
जिना चढायला त्यांना बराच वेळ लागला.
वरच्या लवादासाठी दोन ओळींचा जबाब त्यांनीच सांगितला:
'त्या दुपारी मी याला दोन तास हरवत होतो.
पळून जायला याला वाट नव्हती.'
एंटविसल छताकडे बघत होते.

सात आठवडे गेले.
कंपनीनं बाजूच मांडली नाही; आकार रद्द.
माफी वगैरे नाही, तीन ओळी आणि एक संदर्भ क्रमांक.
त्यांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.
"म्हणजे मी तिथं नव्हतो, हे ठरलं."
ठरलं.
"आणि तेव्हा हरत होतो, हेही."
ते तर लेखी आहे, मी म्हटलं.

पत्राची घडी घालून, नखानं दाबून
त्यांनी ते आतल्या खिशात ठेवलं.
डबा शोधायला हवा, म्हणाले.
अठरा सालानंतर
त्यात काही गेलेलं नाही.